हौस, गरज आणि सायकल: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तोरणमाळच्या सायकल प्रवासावर मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हे भरल्या पोटाचं खूळ आहे. तुमच्या वडिलांनी जन्मभर सायकलवर दुधाचे कॅन वाहिले, त्यांचं कौतुक कुणी केलं नाही. आताची मंडळी फोटो टाकण्यासाठी घाट चढतात.

गरजेपोटी मारलेली सायकल वेगळी आणि मर्जीनं मारलेली वेगळी, हे मला पूर्ण मान्य आहे. कॅन लावून पहाटे निघालेल्या माणसाला कंटाळा आला म्हणून मागे फिरता येत नाही. मला येतं. पण मर्जीनं सोसलेले कष्ट म्हणजे खूळ, हे खान्देशातल्या माणसानं तरी म्हणू नये. चैत्रात सप्तशृंगीला आपल्याकडून किती माणसं पायी जातात! शेजारून एसटी जात असते, डांबर तापलेलं असतं, तरी जातात. मुक्ताईची पालखी कोथळीहून पंढरपूरला महिनाभराच्या वर चालते. त्यातले कितीतरी जण वर्षभर शेतात राबणारेच असतात. देवासाठी निघणं वेगळं, मान्य. पण वाट स्वतःच्या पायांनी कापावी ही ओढ तिथंही आहेच.

फोटोंचं म्हणाल, तर १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं ती पुरी करून १९२८ साली परतले. तेव्हा कुठलं फेसबुक?

मग का जायचं? माझ्यापुरतं सांगतो. धुळ्याहून साक्रीला गाडीनं गेलं की ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दिसतात आणि मागे पडतात. तोच रस्ता ज्येष्ठात सायकलनं धरा. पांझरेच्या उगमाकडे जायचं, म्हणजे चढ समोर आणि पश्चिमेचा वाराही समोर. त्या चक्क्या तिथंच का उभ्या केल्या, ते मांड्यांना कळतं. यावल-रावेरकडे केळीच्या बागांमधून रस्ता गेला की उन्हाची धग एकदम कमी होते, बाग संपली की पुन्हा चटका. या मुलखात मी लहानाचा मोठा झालो, पण त्याचे चढउतार मला सायकलनंच शिकवले.

आणि माणसं. मोटारीची काच वर असते, तिला कुणी हाक मारत नाही. सायकलवाला पाण्यासाठी थांबला की पारावरून विचारणा होते, "कथाईन उनात भाऊ?" म्हणजे कुठून आलात. मग बाजेवर बसवतात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे येतो, कापसाच्या भावापासून पोरीच्या शिक्षणापर्यंत सगळं बोलणं होतं. परक्या गावात आपल्याला कुणाची तरी गरज लागते आणि ती भागवली जाते, ह्याच्यासाठी मी पुन्हा पुन्हा निघतो. तब्येत सुधारते, तो वरचा फायदा.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार पाहायला आम्ही काही जण शिरपूरहून तापीच्या काठाकाठाच्या गावांतून जाणार आहोत, एका दिवसाचा पल्ला आहे. तुम्ही याच. गिअरची सायकल लागत नाही, दुधाची असेल तीही चालेल.