ससा, सुई आणि बाळाचा हर्निया

नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या मजकुराचं म्हणणं असं: मुलांच्या हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन अजून सशांवर तपासतात, म्हणजे ते कच्चंच, जाळी न बसवल्यास हर्निया परत येतो, आणि नाहीतरी तो वयाबरोबर आपोआप बसतो, तोवर पट्टा बांधा.

आधी सशाचं. नर सशात पोटातून वृषणाकडे जाणारी वाट जन्मभर उघडी असते. बाळाच्या जांघेतल्या हर्नियात नेमकी हीच वाट मिटायची राहून गेलेली असते, म्हणून प्रयोगाला ससा. पण 'अजून कच्चं' कसं? मुलांवर ही शस्त्रक्रिया 1990च्या दशकापासून होते. त्वचेतून सुई घालून टाका घेण्याची पोलंडच्या पाटकोव्स्की यांची पद्धत 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. सशांना विचारलेला प्रश्न वेगळाच होता: वाटेचं तोंड मिटलेलं ठेवतो कोण, दोरा की जखम भरताना त्याखाली धरणारा व्रण? नुसता टाका घातलेल्या सशांत काही आठवड्यांनी दोरा काढला, तर तोंड बहुतेकदा पुन्हा उघडं. पोटाचं आतलं पातळ अस्तर त्या तोंडाशी मुद्दाम दुखावून मग टाका घातलेल्यांत ते बहुतेक मिटलेलंच राहिलं. म्हणून काही सर्जन टाक्याआधी तोंडाच्या पुढच्या कडेचं अस्तर हलकं भाजतात. मागच्या कडेला नाही, तिथून शुक्रवाहिनी (शुक्राणू नेणारी नळी) आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या जातात. दोराही न विरघळणारा घेतात. ससा काही महिनेच नजरेखाली असतो, मूल वर्षानुवर्षं पळतं-खोकतं. प्रयोगाची ही मर्यादा खरीच.

जाळी मोठ्यांसाठी. त्यांच्यात पोटाची भिंतच सैल पडलेली असते. मुलाची भिंत धड असते, त्या उघड्या वाटेचं तोंड बांधलं की पुरे. बेंबीतून 3 किंवा 5 मिमीची दुर्बीण, पोटात 8 ते 10 मिमी पाऱ्याच्या दाबाने वायू, मग जांघेवरून सुई अस्तराबाहेरून तोंडाच्या अर्ध्या कडेने फिरते आणि दोऱ्याचा फास आत सोडते. दुसऱ्या अर्ध्या कडेने येऊन तोच दोरा बाहेर ओढायचा, गाठ कातडीखाली. बिघडतं ते शुक्रवाहिनीपाशी: ती टाळताना सुई अस्तर सोडते, फट राहते, तिथून हर्निया किंवा अंडवृद्धी (वृषणाभोवती साचलेलं पाणी) परत येते. तिथे थोडं सलाइन टोचून अस्तर वर उचललं की सुईला जागा मिळते. दुर्बिणीसाठी पूर्ण भूल मात्र लागते, आणि जांघेतल्या छोट्या छेदाची उघडी पद्धतही आज तितकीच भरवशाची आहे.

आता पट्टा. आपोआप बसतो तो बेंबीचा हर्निया, बहुतेकदा चार-पाच वर्षांपर्यंत, बेंबीवर नाणं बांधा की नका बांधू. जांघेतला बसत नाही. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत तर आतडं अडकण्याची भीती जास्तच. पट्ट्याखाली अडकलेलं आतडं दिसत नाही, दबतं. सुरगाणा किंवा पेठहून रात्री घाट ओलांडून नाशिक गाठायचं असेल तर एकेक तास मोलाचा. गाठ कडक, लाल, दाबून आत जात नाही, बाळ सारखं रडतंय, उलटी हिरवी: दूध थांबवा, पट्टा काढा आणि जिथे बालशल्यचिकित्सक असतील त्या रुग्णालयाला निघण्याआधीच फोन करा.