‘सी’ सर्टिफिकेट आणि थेट लेफ्टनंट? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

एफवायचे प्रवेश सुरू झाले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. “कॉलेजात एनसीसी घ्या, ‘सी’ सर्टिफिकेट मिळवा, ना परीक्षा ना मुलाखत, थेट लष्करात लेफ्टनंट! कायमची नोकरी, पेन्शन. पुणेकरांना तर एनडीए घराशेजारी.” खाली ‘गरजू मुलांपर्यंत पोहोचवा’. पोहोचवा, पण एवढी दुरुस्ती करून.

‘ना परीक्षा’ हे अर्धं खरं. लष्करात ‘एनसीसी स्पेशल एन्ट्री’ आहे आणि तिच्यात सीडीएसची (पदवीधरांना सैन्यात अधिकारी होण्यासाठीची यूपीएससीची) लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. पण सर्टिफिकेटवर ग्रेड किमान ‘बी’ हवी, पदवीला ५० टक्के हवेत, वय १९ ते २५ आणि लग्न झालेलं नको. त्यातही अर्ज केलेल्या प्रत्येकाला बोलावणं येतंच असं नाही, टक्केवारीचा कटऑफ लागू शकतो. परेड चुकवून एसवायला कसेबसे पास होणाऱ्यांनी हे आधीच ऐकलेलं बरं.

‘ना मुलाखत’ ही मात्र शुद्ध थाप. इथं तर एसएसबीच (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे अधिकारी निवडणारं मंडळ) सगळं ठरवते, आणि ती म्हणजे अर्ध्या तासाच्या गप्पा नव्हेत. भोपाळ, बंगळूर, प्रयागराज अशा ठिकाणी पाच दिवसांचा मुक्काम असतो. पहिल्या दिवशी छातीवर चेस्ट नंबर चढतो. बुद्धिमत्ता चाचणी झाली की पडद्यावर एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटानं बसून सगळ्यांची मिळून एकच गोष्ट ठरवायची. सगळे एकदम बोलायला लागले की मासळीबाजार होतो. त्याच दिवशी नंबर पुकारतात. ज्याचा नाही तो बॅग उचलून परतीच्या गाडीला. उरलेल्यांना पुढे दर १५ सेकंदांना एक असे ६० शब्द (प्रत्येकावर एक वाक्य लिहायचं), मैदानात फळ्या आणि दोर घेऊन अडथळे (लाल रंगाला हात लागता कामा नये), वैयक्तिक मुलाखत आणि शेवटी कॉन्फरन्स, म्हणजे अख्ख्या बोर्डासमोर हजेरी. त्यानंतर मेडिकल, त्यानंतर मेरिट लिस्ट. एवढं सगळं जमलं तरी लगेच लेफ्टनंट नाहीच. आधी ओटीएत (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) ४९ आठवडे रगडपट्टी.

‘कायमची नोकरी’ हेही नाही. हे शॉर्ट सर्व्हिस कमिशन आहे: दहा वर्षं, वाढवून मिळाली तर आणखी चार. पर्मनंट कमिशन मिळू शकतं, पण ते निवडीवर. अधिकाऱ्याला नेहमीची पेन्शन साधारण २० वर्षांच्या सेवेनंतर लागते, तेव्हा गणित तुम्हीच करा.

एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी? ती बारावीनंतरची, यूपीएससीची लेखी परीक्षा देऊन. खडकवासल्याला वारज्याहून पटकन पोहोचता येत असेल, पण पेपर गुवाहाटीच्या मुलाला तोच. आणि पदवीनंतर ते दार बंदच.

मेसेजखाली कुणीतरी हमखास लिहितं, “आमच्या कॉलेजचे सर असेच लेफ्टनंट झाले.” ते सर एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर) असतात. कामठीला ट्रेनिंग घेऊन आलेले प्राध्यापक. त्यांचा हुद्दा एनसीसीतला. पगार कॉलेजचाच आणि सोमवारी अकाउंट्सचा तासही त्यांचाच. कॉलेजची एनसीसी तेच उभी ठेवतात, त्यामुळे मान द्यावाच, पण लष्करभरतीचा पुरावा म्हणून त्यांचा फोटो फिरवू नये.

उलट्या बाजूची अफवाही आहेच: एनसीसी घेतली तर युद्धात बोलावतात. नाही बोलावत. कॅडेटवर लष्करी सेवेचं कुठलंच बंधन नाही.

या मेसेजनं खरं नुकसान होतं ते वेगळंच. ‘सी’ आहे म्हणून पोरं सीडीएसचा फॉर्मच भरत नाहीत. स्पेशल एन्ट्रीच्या एका कोर्सला देशभरात मिळून जागा काही डझन. सीडीएस वर्षातून दोनदा होते आणि तिच्यातून डेहराडूनच्या आयएमएत (इंडियन मिलिटरी अकॅडमी) भरायच्या १०० जागांपैकी १३ जागा एनसीसीच्या आर्मी विंगच्या ‘सी’ सर्टिफिकेटवाल्यांसाठी राखीव असतात. त्या जागांसाठीही पेपर द्यावाच लागतो.