कोठडीतला मृत्यू आणि निकालांचे दाखले

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं, जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. अशा प्रत्येक प्रकरणानंतर मराठी वर्तमानपत्रांत आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या बोलण्यातही एक मागणी हमखास ऐकू येते: अमेरिकेसारखं हवं. कैद्याच्या केसाला धक्का लागला की अधिकाऱ्यावर थेट दावा आणि कोटींची भरपाई.

न्यू जर्सीत राहून इथले तुरुंगविषयक निकाल वाचणाऱ्याला ही मागणी उलटी वाटते. कैद्याच्या सुरक्षेबद्दल भारतीय न्यायालयांनी सांगितलेलं तत्त्व अमेरिकी तत्त्वापेक्षा कैद्याच्या कितीतरी जास्त बाजूचं आहे. आपलं घोडं अडतं ते जुना निकाल पुढच्या खटल्यात वापरण्याच्या रीतीवर. तत्त्व आपलंच ठेवावं आणि इथून फक्त दाखला देण्याची शिस्त घ्यावी, असं माझं म्हणणं आहे.

आधी तत्त्व पाहू. इथला पायाभूत निकाल १९९४ चा, फार्मर विरुद्ध ब्रेनन. डी फार्मर ही पारलिंगी स्त्री. तिला १९८९ मध्ये इंडियानातल्या टेर हॉट इथल्या पुरुषांच्या केंद्रीय तुरुंगात सर्वसाधारण कैद्यांत ठेवलं आणि तिथे आपल्यावर बलात्कार झाला, अशी तिची तक्रार होती. इथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सूटर यांनी कसोटी दोन भागांत मांडली. गंभीर इजेचा ठळक धोका वस्तुतः होता का? आणि त्या अधिकाऱ्याला तो धोका खरोखर माहीत असूनही त्याने तो दुर्लक्षिला का? ‘त्याला कळायला हवं होतं’ एवढं पुरत नाही. त्याच्या मनात काय होतं ते कैद्याने सिद्ध करायचं, अंगावरच्या जखमा बऱ्या होत असताना, तुरुंगाचं दप्तर समोरच्याच्या ताब्यात असताना.

त्याच्या पुढच्याच वर्षीचा आपला केवल पती विरुद्ध उत्तर प्रदेश हा निकाल पाहा. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला तुरुंगातच दुसऱ्या कैद्याने मारलं. सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याच्या मनात शिरण्याचा प्रयत्नच केला नाही. माणूस राज्याच्या ताब्यात होता, तिथे त्याचा जीव कायद्याबाहेर गेला, म्हणून राज्याने भरपाई द्यावी, असं ठरलं. रक्कम १ लाख रुपये. त्याआधी १९९३ च्या निलाबती बेहेरा निकालात २२ वर्षांच्या मुलाच्या आईला दीड लाख मिळाले होते. तिने पाठवलेलं पत्रच न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं होतं. अमेरिकेत तुरुंगातून पाठवलेल्या पत्राने असं काही होत नाही. १९९६ च्या कायद्याने आधी तुरुंगाच्या अंतर्गत तक्रारीच्या सगळ्या पायऱ्या, प्रत्येक पायरीची मुदत पाळून, चढायला लावल्या आहेत. कॅलिफोर्नियाच्या एका प्रकरणात ही मुदत कामकाजाचे १५ दिवस होती. ती हुकली म्हणून दाव्याची दारं बंद होऊ शकतात, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवलं.

मग इथे दावे उभे तरी कसे राहतात? वकील दाखल्यासाठी तत्त्वाचं वाक्य शोधत नाही, तो प्रसंग शोधतो. फार्मर निकालातच एक फट आहे: धोका उघड असेल तर अधिकाऱ्याला तो माहीत होता असा निष्कर्ष काढता येतो. या एका विधानावर गेली ३० वर्षं काम चाललंय. कैद्याने आधी धमकीची लेखी तक्रार दिली होती का, त्याच बराकीत आधी हल्ले झाले होते का, शत्रुत्वाची नोंद असलेल्या दोघांना एका खोलीत टाकलं का, रात्रीच्या फेरीच्या नोंदी एकाच हाताने एका बैठकीत भरलेल्या दिसतात का. यातल्या प्रत्येक मुद्द्यासाठी वकील त्याच वस्तुस्थितीवरचा जुना निकाल लावतो आणि शेजारी एका ओळीत लिहितो की त्या निकालात काय घडलं होतं आणि न्यायालयाने कुणाच्या बाजूने कौल दिला. ही शेवटची ओळ वकिलाला प्रामाणिक ठेवते, कारण वाक्य सोयीचं असलं तरी कौल उलटा असू शकतो.

त्याचं उत्तम उदाहरण १९७६ चा एस्टेल विरुद्ध गॅम्बल. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेली बेपर्वाई ही क्रूर शिक्षा ठरते, हे तत्त्व तिथून आलं आणि ते असंख्य निकालांत उद्धृत होतं. पण गॅम्बल स्वतः? टेक्सासच्या तुरुंगात कापसाची गासडी अंगावर पडलेल्या या माणसाला तीन महिन्यांत १७ वेळा तपासलं गेलं होतं, त्यामुळे डॉक्टरवरचा त्याचा दावा न्यायालयाने मान्य केला नाही. म्हणून एस्टेलचा दाखला कैदीही देतो आणि तुरुंगही देतो.

या शिस्तीचं टोक मात्र भयंकर आहे. अधिकाऱ्यावर वैयक्तिक दावा चालायचा तर त्याने मोडलेला हक्क ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ असावा लागतो. व्यवहारात त्याचा अर्थ जवळपास तशीच घटना असलेला जुना निकाल दाखवा, असा होत आला. टेक्सासमध्ये ट्रेंट टेलर या कैद्याला २०१३ मध्ये मानवी विष्ठेने माखलेल्या कोठड्यांत सहा दिवस ठेवलं. पाचव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून केलेला न्यायालयीन विभाग) अपील न्यायालयाने हे गैर मानलं, तरी इतक्याच दिवसांपुरतं ते घटनाबाह्य आहे असं आधी स्पष्ट ठरलं नव्हतं म्हणून अधिकाऱ्यांना संरक्षण दिलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते उलटवलं. तशीच घटना आधी घडलेली नसली तरी अधिकाऱ्याला पुरेशी जाणीव असू शकते, असं त्याच न्यायालयाने २००२ मध्ये होप विरुद्ध पेल्झर निकालात सांगितलं होतं. तरी १८ वर्षांनी पुन्हा सांगावं लागलं.

आणखी एक प्रकार वकिली शिकणाऱ्यांनी मुद्दाम पाहावा. फार्मरचा दावा केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांवर होता. अशा अधिकाऱ्यांवर थेट राज्यघटनेखाली भरपाई मागता येते, हे तिथे गृहीत धरलं गेलं, त्यावर चर्चा झाली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी भरपाई मान्य केलेली स्वतःची तीनच प्रकरणं मोजली आणि फार्मर त्यात घेतलंच नाही. पुढे फाटे फुटले. न्यू जर्सी ज्याच्या कक्षेत येतं त्या तिसऱ्या सर्किटने २०१८ मध्ये फार्मरच्या आधारे असा दावा चालू दिला. चौथ्या सर्किटने २०२३ मध्ये बल्जर प्रकरणात नेमकं उलट ठरवलं: ज्यावर विचारच झाला नाही ते बंधनकारक नाही. बोस्टनचा कुख्यात गुंड व्हाइटी बल्जर, वय ८९, चाकाच्या खुर्चीत, वेस्ट व्हर्जिनियातल्या हेझल्टन तुरुंगात आणल्यावर एका दिवसाच्या आत मारला गेला, आणि त्याच्या वारसांचा दावा दारातच संपला. एकच निकाल, दोन सर्किट, दोन उत्तरं.

कच्च्या कैद्यांचंही तसंच. २०१५ च्या किंग्जली निकालाने त्यांच्यावरच्या बळाच्या वापरासाठी अधिकाऱ्याच्या मनाऐवजी कृतीचा वाजवीपणा पाहायला सांगितलं. सहकैद्यांपासून संरक्षणालाही हीच कसोटी लागू, असं कॅलिफोर्नियाच्या नवव्या सर्किटने २०१६ मध्ये म्हटलं, टेक्सासच्या पाचव्याने मानलं नाही. अजून ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही अशा माणसाच्या जिवाची किंमत तो कुठल्या राज्यात पकडला गेला यावर ठरते. ‘अमेरिकेसारखं हवं’ म्हणताना हे सगळं सोबत येतं.

भारतात घटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सगळ्या न्यायालयांना बांधतो, त्यामुळे अशी फाटाफूट कमी. आपल्याकडचा दोष वेगळा आहे. याचिकेत पानंच्या पानं उतारे असतात, पण त्या निकालातली घटना आणि समोरची घटना कुठे जुळते ते सांगणारा परिच्छेद नसतो. नुसता निकालाचा आधार घेऊ नका, वस्तुस्थिती कशी जुळते ते सांगा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या भारत पेट्रोलियम विरुद्ध वैरामणी निकालात बजावलं आहे. गंमत नाही, खेदाची गोष्ट म्हणजे तो निकालही अनेकदा नुसता उताऱ्यापुरताच वापरला जातो.

सुनील बत्रा, १९७८, हा तर कैद्यांच्या हक्कांचा मानबिंदू. पाच न्यायमूर्तींचं पीठ. त्यातली लोकांच्या तोंडी असलेली धगधगीत वाक्यं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या स्वतंत्र निकालपत्रातली आहेत. सरन्यायाधीशांसह उरलेल्या चौघांच्या वतीने लिहिलं ते न्यायमूर्ती देसाई यांनी, जास्त संयत आणि जास्त नेमकं. ‘पाच न्यायमूर्तींनी म्हटलं आहे’ असं लिहून अय्यर यांचं वाक्य ठेवलं की सरकारी वकिलाला हरकतीसाठी आयती जागा मिळते. परिच्छेद कुणाचा आहे ते पाहून मगच लिहावं.

पीठ किती जणांचं, हेही तितकंच महत्त्वाचं. १९६५ च्या कस्तुरीलाल निकालात पोलिसांच्या ताब्यातलं सोनं हवालदाराने लांबवलं, तरी पाच न्यायमूर्तींनी राज्याला सार्वभौम संरक्षण दिलं, म्हणजे भरपाईच्या जबाबदारीतून सोडलं. निलाबती बेहेराचं पीठ तिघांचं, त्यांना तो निकाल रद्द करता येत नव्हता. त्यांनी वाट काढली: कस्तुरीलाल हा दिवाणी दाव्यापुरता, मूलभूत हक्क मोडल्यावर घटनेखाली मागितलेल्या भरपाईला ते संरक्षण लागूच नाही. म्हणून कोठडीमृत्यूची भरपाई मागताना उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ ची रिट याचिका हा पहिला रस्ता धरावा. नुसता दिवाणी दावा केला तर कस्तुरीलाल पुन्हा समोर उभा केला जाऊ शकतो.

डी. के. बसू निकालाबाबत सर्वांत जास्त चूक होते. १८ डिसेंबर १९९६ च्या या निकालात अटक आणि कोठडीबाबत पोलिसांना ११ निर्देश आहेत. याचिकेत ते अकराच्या अकरा उतरवले जातात आणि मोडले कुठले ते सांगायचं राहून जातं. त्याऐवजी तीन रकान्यांचा तक्ता जोडावा: निर्देश, दप्तरात काय दिसतं, कागदाचा पान क्रमांक. अटक पंचनाम्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या साक्षीदाराची सही आणि वेळ आहे का? अंगावरच्या जखमांची नोंद झाली का, त्यावर आरोपीची सही आहे का? कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली का? नियंत्रण कक्षाला १२ तासांत कळवलं का? चारपैकी दोन कागद नाहीत, एवढं दाखवलं तरी न्यायालयाला पकडायला मुद्दा मिळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खालचा चौकशी अहवाल आणि चित्रीकरणासह शवविच्छेदन हे त्या तक्त्याचे कणे.

भरपाईच्या रकमेबाबतही जुन्या निकालातला आकडा उचलण्याची सवय घातक आहे. केवल पतीतला १ लाख हा १९९५ चा आहे, त्याचा आधार तत्त्वापुरता घ्यावा. रकमेसाठी मोटार अपघाताच्या निकालांतला गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा) मांडावा, काही उच्च न्यायालयांनी तो कोठडीमृत्यूत वापरला आहे. समजा मृत २८ वर्षांचा, स्वतःचा लहान धंदा, महिना १५,००० रुपये, मागे पत्नी आणि दोन मुलं. वर्षाचे १,८०,०००. भावी वाढीचे ४० टक्के धरून २,५२,०००. स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करून १,६८,०००. वय २६ ते ३० ला गुणक १७, म्हणजे २८,५६,०००. वजावटीचा आणि गुणकाचा आधार सरला वर्मा, २००९. वाढीच्या टक्क्यांचा आधार प्रणय सेठी, २०१७, पाच न्यायमूर्ती. ‘योग्य ती भरपाई द्यावी’ असं मोघम लिहिणं आणि हा हिशेब मांडणं यात त्या विधवेच्या पुढच्या २० वर्षांचा फरक आहे.

निकाल अजून टिकून आहे का, हे तपासायला अमेरिकेत १८७३ पासून शेपर्डची व्यवस्था आहे. आता ती संगणकावर आहे आणि उलटवलेल्या निकालापुढे लाल खूण दिसते. आपल्याकडे नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरने शंभराहून अधिक वर्षं निकाल लोकांपर्यंत नेले. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तालुक्याच्या वकिलानेही तीन गोष्टी कराव्यात. हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) सोडून मूळ परिच्छेद वाचावा. इंडियन कानून या संकेतस्थळावर त्या निकालाची ‘सायटेड बाय’ (तो पुढे कुठे उद्धृत झाला त्याची) यादी उघडून मुंबई उच्च न्यायालयाने तो कधी पाळला आणि कधी वेगळा ठरवला ते पाहावं. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने सुचवलेला प्रत्येक दाखला मूळ ठिकाणी सापडेपर्यंत खोटा समजावा. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला आहे.

सगळ्यात घाई हवी ती चित्रीकरणासाठी. परमवीर सिंग सैनी निकालाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिने, तशी यंत्रं मिळेपर्यंत किमान वर्षभर, साठवण बंधनकारक केली. तुरुंगांतल्या कॅमेऱ्यांचा आदेश त्याआधीचा, २०१५ च्या डी. के. बसू निकालातला. म्हणून ठाण्यासाठी सैनी आणि तुरुंगासाठी २०१५ चा बसू, असे दोन वेगळे आधार देऊन, कॅमेऱ्याची जागा, तारीख आणि तासांची मर्यादा लिहून, मृत्यूनंतरच्या पहिल्याच आठवड्यात जतनाचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच याचिकेला जोडावी.