'४ जीबी, ४ जीबी' करत पोराचे साडेपाच हजार गिळले

डोकं फिरलंय माझं. रविवारी बहिणीकडे गेलो तर भाचा तोंड पाडून बसलेला. वाढदिवसाचे, दिवाळीचे, आजीने हातावर ठेवलेले, असे दोन वर्षं साठवलेले साडेपाच हजार घेऊन पोरगं ग्राफिक्स कार्ड घेऊन आलं, आणि कार्ड बसवल्यापासून गेम आधीपेक्षा हळू चालतोय. आधीपेक्षा हळू! वर मलाच म्हणतो, "मामा, माझंच बसवताना काहीतरी चुकलं असेल."

त्याचं काहीही चुकलेलं नाही. त्याला गंडवलंय.

कार्ड कुठलं, तर जीटी ७३०. मॉडेल २०१४ चं. खोक्यावर '४ जीबी' माझ्या तळहाताएवढ्या अक्षरांत. खोकं उलटं केलं, तर बारकोडच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत 'डीडीआर३, ६४ बिट', म्हणजे मेमरीचा जुना प्रकार आणि तिची अरुंद वाट. तिथेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण जीबी म्हणजे कार्डावरच्या मेमरीची नुसती टाकी केवढी ते. पाणी किती जोरात येणार हे नळावर ठरतं, आणि त्या नळाबद्दल काउंटरवर कुणी चकार शब्द काढत नाही. ६४ बिट म्हणजे एका खेपेला ८ बाइट. ही मेमरी सेकंदाला १.८ अब्ज खेपा करते. गुणाकार करा, सेकंदाला १४.४ जीबी. आता भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून काय आहे? रायझन ५ ५६००जी, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स, आणि त्या ग्राफिक्सच्या दिमतीला ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम. त्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ५१.२ जीबी देतात. म्हणजे घरात जे होतं त्याच्या एक तृतीयांशही वेग नसलेली मेमरी, जुनाट चिपला चिकटवून, त्याच्या माथी मारली. मी कार्ड उपसून काढलं, मॉनिटरची केबल परत मदरबोर्डला लावली, गेम सुरू केला. सुरळीत. पोरगं कोपऱ्यातल्या फ्रेमच्या (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या) आकड्याकडे बघत राहिलं, एक शब्द बोललं नाही. ते बघून तर जास्त चिडलो.

बरं, त्याला पटवलं कसं ते ऐका. दुकानदाराने त्याला टास्क मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली कॉम्प्युटरवर काय चाललंय ते दाखवणारी खिडकी, उघडायला लावला. तिथे डेडिकेटेड, म्हणजे ग्राफिक्ससाठी राखीव, मेमरी ०.५ जीबी. "बघ, तुझ्याकडे अर्धाच जीबी आहे, हे घे, आठपट होईल." अरे, तो अर्धा जीबी बायोसने (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरने) फक्त बाजूला काढून ठेवलेला असतो! बाकीची लागेल तशी रॅममधून घेतली जाते, त्याच पानावर खाली 'शेअर्ड' म्हणून लिहिलेलं असतं. ती ओळ मात्र दाखवली नाही. अकरावीतल्या पोराला कळलं नाही हे ठीक; पण रोज वीस मशीन उघडणाऱ्या माणसाला कळत नाही, असं मला कुणी सांगू नये.

आणि या कार्डाचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर? नवीन गेमसाठीचे अपडेट २०२१ मध्येच थांबले, सुरक्षेचे २०२४ मध्ये. मेलेला माल, पण सीलबंद खोक्यात.

दुकानदार एकटाच चोर नाही. एका नावाखाली दोन माल विकायची सवय कार्ड बनवणाऱ्यांनीच लावली. जीटी १०३० २०१७ मध्ये आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ ही वेगवान मेमरी होती, सेकंदाला ४८ जीबी. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ वालं आणलं, जेमतेम १७. दोन्हींवर '२ जीबी'. आरटीएक्स ३०५० घ्या. २०२२ मधलं ८ जीबीचं, १२८ बिट. २०२४ मध्ये ६ जीबीचं काढलं, ९६ बिट, आणि चिपमधले कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, २५६० वरून २३०४. माणूस समजतो, दोन जीबीच तर कमी आहेत! चिपसुद्धा कापलीये हे नावात कुठे आहे?

जीबी बघूच नका असं मी म्हणत नाही. आजच्या मोठ्या गेमना ४ जीबी खरंच पुरत नाही. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरली की कार्ड स्लॉटमधून रॅमकडे हात पसरतं आणि चित्र झटके खायला लागतं. पण आधी कार्डाची पिढी, मग मेमरीचा प्रकार, बिट, सेकंदाला किती जीबी, आणि मग टाकी केवढी. ज्याच्याकडे पाच-दहा हजारच आहेत, त्यालाच नेमकं हे कुणी सांगत नाही. लाखाचं कार्ड घेणारा सगळं वाचून येतो.

मंगळवारी कार्ड घेऊन दुकानात गेलो. "बॉक्स फुटलाय, परत होणार नाही. ४ जीबी सांगितलं, ४ जीबी दिलं." म्हटलं, ६४ बिट आहे हे का नाही सांगितलं? तर म्हणे, "ते कोण विचारतं साहेब?"

मी विचारतोय. पैसे परत मिळेपर्यंत रोज संध्याकाळी जाऊन विचारणार आहे, काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना, मोठ्या आवाजात.