रक्तदाबाची गोळी आणि रोलर कोस्टर : खुलासा

सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की साठीनंतरही रोलर कोस्टरवर बसायला हरकत नाही, असा संदेश दापोली-गुहागरकडील ज्येष्ठांच्या, खोपोलीच्या मनोरंजन उद्यानाच्या सहलीला निघालेल्या गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे. गोळीने रक्तदाब आटोक्यात राहतो, पण भीतीने वाढणारी धडधड थांबेलच असे नाही. जर्मनीतील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोलर कोस्टरवर बसलेल्या धडधाकट माणसांचीही नाडी मिनिटाला सरासरी ९०च्या आसपासवरून १५०च्या पुढे गेली होती. शिवाय वळणावर डोके एकदम बाजूला हिसडले जाते, त्यामुळे मानेच्या मणक्यांची झीज किंवा हाडांचा ठिसूळपणा असलेल्यांना धोका केवळ हृदयापुरता नसतो. स्टेंट, पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रांगेत उभे राहू नये, नातवंडांनी हात धरून ओढले तरीही, ही कळकळीची विनंती.