उभ्या टँकरपाशी घाई करू नका

आज बरोबर एक महिना झाला मला पेट्रोलच्या टँकरवर लागून. आधी अकरा वर्षं कंटेनर चालवला, पुणे-बंगळूर लाईन, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. पोरगी यंदा दहावीला आलीये, आईचे गुडघे गेलेत, म्हणून ठरवलं आता लोकलच करायचं, लोणी काळभोरच्या टर्मिनलला माल भरायचा, पुण्यातल्या नाहीतर सासवडकडच्या पंपावर खाली करायचा आणि रात्री मांजरीत आपल्या घरी जेवायला. मित्र म्हणाले आरामाचं काम आहे लेका, दिवसाला दोन खेपा आणि घरी. त्यांच्यासाठी लिहितोय, आणि पंपावर टँकर उभा दिसला की हॉर्न वाजवणाऱ्या सगळ्यांसाठी पण.

नुसतं हेवी लायसन असून चालत नाही इथे. तीन दिवसांचं धोकादायक मालाचं ट्रेनिंग करावं लागतं, मग लायसनवर तशी नोंद होते, ती तीन वर्षं चालते आणि पुढच्या वेळी परत एक दिवसाचा क्लास. तिथे पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते, आणि ती वाफ शून्याच्या खाली ४० अंशाच्या आसपासही पेट घेण्याइतकी निघत असते, म्हणजे आपल्या पुण्यात डिसेंबरच्या पहाटेसुद्धा ती आहेच. वर हवेपेक्षा जड, त्यामुळे उडून जात नाही, जमिनीलगत सरकत सरकत खड्ड्यात, गटारात जाऊन बसते. आणि रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा जास्त वाईट, कारण आत नुसती वाफ आणि हवा. हे मला अकरा वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं. ढाब्यावर रिकाम्या टँकरला टेकून लोकांना सिगरेट ओढताना मी डोळ्याने बघितलंय, मी स्वतः कधी अडवलं नाही, आता अडवतो.

पहिले तेरा दिवस मामांबरोबर होतो. मामा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, सगळेच त्यांना मामा म्हणतात. ते शर्टाच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा ठेवतात. पंपावर गाडी लावली, इंजिन बंद केलं की पहिलं काम अर्थिंगची क्लिप, आणि ती लावायच्या आधी मामा जागा घासून घेतात, म्हणतात रंगावर क्लिप लावली तर ती शोभेची, लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. पाईपमधून पेट्रोल वाहताना स्टॅटिक तयार होतं, त्याला जमिनीत जायला वाट नाही मिळाली तर एक ठिणगी बास होते. मग माल जरा स्थिर होऊ द्यायचा, चलनावरचे सीलचे नंबर मॅनेजरला दाखवून सील तोडायचं, डिप (म्हणजे रॉड टाकून आत माल किती आहे ते मोजायचं), डेन्सिटी, टेंपरेचर, पंपाच्या जमिनीतल्या टाकीत पाणी आहे का ते रॉडला पेस्ट लावून बघायचं, आणि त्या टाकीत आपल्या कप्प्याएवढी जागा आहे का तेही. आमचा टँकर १२,००० लिटरचा, चार-चार हजाराचे तीन कप्पे. टाकीत तीन हजाराचीच जागा असेल आणि तुम्ही चार हजार सोडलं तर उरलेलं कुठे जाणार सांगा.

आता चौदाव्या दिवसाचं सांगतो. पहिल्यांदाच मामांशिवाय गेलो होतो, नुसता क्लीनर बरोबर. कात्रजच्या बाजूचा एक पंप, संध्याकाळचे सात, पेट्रोल संपत आलेलं, दोन नोझल बंद आणि बाइकवाल्यांची लाईन पार रस्त्यापर्यंत. मॅनेजर पळतच आला, ड्रायव्हर डिप-बिप राहू दे, त्या डाव्या झाकणाला पाईप लाव आणि सोड, लोकं शिव्या घालायला लागलेत. कुठली टाकी पेट्रोलची, कुठली डिझेलची ते सांगणारा झाकणांवरचा रंग कधीचाच उडालेला. मागनं हॉर्न चालू, एक जण मोबाईलवर बोलत बोलत पार पाईपपर्यंत आला. खरं सांगतो, माझा हात पाईपकडे गेला होता. पण मामांचा चेहरा समोर आला आणि मी म्हणालो साहेब दहा मिनिटं द्या, रॉड आणा.

रॉड टाकला, वर काढला. पेट्रोल असतं तर रॉड बघता बघता कोरडा पडतो. हा तसाच ओला, चकचकीत, बोट फिरवलं तर बुळबुळीत. डिझेल. ते डावं झाकण डिझेलच्या टाकीचं होतं.

चार हजार लिटर पेट्रोल डिझेलमध्ये गेलं असतं. त्या रात्री तिथे डिझेल भरलेल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनाची वाट लागली असती, आणि पेट्रोल मिसळलेलं डिझेल आगीच्या बाबतीत डिझेल राहतच नाही. मॅनेजरने रॉडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिथेच कट्ट्यावर बसला. वाईट माणूस नव्हता तो, लाईन बघून त्याचं डोकं फिरलं होतं एवढंच. नंतर पाईप उचलून शेवटचं पेट्रोल उतरवायला तो स्वतः माझ्याबरोबर लागला.

पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आम्हाला पैसे खेपेवर मिळतात. दोन खेपा केल्या तर घर चालतं, तिसरी केली तर चार पैसे सुटतात, आणि तिसरी खेप येते कुठून तर वाचवलेल्या वेळातून. सोलापूर रोडला गाडीतळाच्या ट्रॅफिकमध्ये वेळ वाचत नाही, टर्मिनलच्या लाईनमध्ये वाचत नाही, मग तो वाचतो पंपावर, डिप न घेता, क्लिप न घासता. वर पंपावर मोजताना माल कमी निघाला तर तो आमच्या पगारातून. अहो दुपारी तीनच्या उन्हात भरलेलं पेट्रोल रात्री गार झालं की आकसतं, १२,००० लिटरमागे एका अंशाला बारा-चौदा लिटर इकडचे तिकडे होतात, म्हणून तर दोन्हीकडची डेन्सिटी १५ अंशाच्या हिशोबात आणून मग ताळा करायची पद्धत आहे. ती न करता नुसता रॉड बघून ड्रायव्हरला चोर ठरवायचं हे मला अजिबात मान्य नाही. माझे पहिल्याच महिन्यात कापलेत, मी लेखी हिशोब मागितलाय.

कंटेनरवर असताना पण हेच बघितलं. गाडीमालक ठराविक डिझेल द्यायचा, वाचवलं तर तुझं, मग कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना लोकं गाडी न्यूट्रलवर टाकायची. त्याच उतारावर २०२२ च्या नोव्हेंबरात एका रात्री अठ्ठेचाळीसच्या आसपास गाड्या ठोकल्या गेल्या. दरवेळी नाव ड्रायव्हरचं येतं. त्याला घाई कोण करायला लावतं हे कुणी विचारत नाही.

जानेवारी २०२४ चा संप आठवत असेल सगळ्यांना. हिट अँड रनला दहा वर्षं शिक्षेच्या कलमाविरुद्ध ड्रायव्हर बसले आणि दोन दिवसांत पंपापंपावर रांगा लागल्या. १ जुलैला नवा कायदा आला तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं. त्या दोन दिवसांत टँकरवाल्याची सगळ्यांना आठवण झाली होती.

माझं मागणं एवढंच आहे की टँकरच्या ड्रायव्हरला महिन्याचा पगार द्या, पंपावर उभं राहायचा वेळ कामात धरा. शेठशी बोललोय, बघू म्हणालेत, पुढच्या आठवड्यात आम्ही सहा जण मिळून परत जाणारोय. आणि तुम्ही पंपावर आलात आणि टँकर खाली होत असेल तर जरा लांब थांबा, फोन खिशात ठेवा, हॉर्न नका वाजवू.

पॉलिश पेपरचा अर्धा तुकडा मामांनी मला दिलाय. उद्या पहाटे पाचला लोणीत लाईनला लागायचंय, सासवडचा माल आहे, दिवे घाट.