हळदीतली चरबी आणि पालचा भंडारा

परवा मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. दुपारी तोच गल्लीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी मार्केट यार्डातल्या दोस्तानंही पाठवला. वर चढत जाणारी एक रेघ, तिच्याखाली 'एफएओ' (म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि मजकूर असा: भारतात मसाल्यांतून मिळणारी चरबी 1961 पासून वाढतच चालली आहे, भारतीय माणूस रोज एवढी चरबी खातो, म्हणून पोटं सुटली, कोलेस्टेरॉल वाढलं, हळद-मिरची निम्मी करा. सांगलीत बसून हळद निम्मी! त्या रात्री मामींनी खरोखरच पांढरट आमटी वाढली, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

'चरबी वाढतच चालली आहे.' वाढली असेल. रेघ खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. पण तिच्या डाव्या अंगाचे आकडे मेसेजमध्ये कुणीतरी कापून टाकलेत, आणि सगळी गंमत तिथंच आहे. ते आकडे माणशी, रोजचे, ग्रॅममधले असतात. आपल्याच घरचं माप घ्या. पाच माणसांना वर्षाला दोन किलो हळद लागते, म्हणजे माणशी रोज एक ग्रॅमच्या थोडी वर. हळदीत चरबी शेकडा पाच धरू. झाला ग्रॅमचा विसावा भाग. चरबीच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे हळदीतून रोज अर्धी कॅलरी. मी मामींच्या काट्यावर चिमूटभर हळद ठेवून पाहिली. काटा 0 आणि 1 च्या मध्ये घुटमळत राहिला, आणि हे नुसत्या हळदीचं वजन. त्यातली चरबी दुप्पट झाली तरी एक कॅलरी. फोडणीच्या पाच ग्रॅम तेलात 45 असतात.

बरं, त्या विसाव्या भागालाही चरबी म्हणायचं का? भुकटीतून ईथरसारख्या द्रावकात जे काही उतरेल ते सगळं चरबी म्हणून मोजायची जुनी रीत आहे. हळदीचं वासाचं तेल त्यात उतरतं, पिवळ्या रंगाचाही थोडा अंश उतरतो. वासानं पोट सुटत असतं तर हळद शिजवायच्या दिवसांत शिवारातली माणसं दारातून आत मावली नसती.

'भारतीय माणूस रोज एवढी चरबी खातो.' मेसेजमधली मोठी गफलत ही. ही रेघ ज्यातून निघते तो एफएओचा अन्नाचा ताळेबंद कुणाच्या ताटात डोकावत नाही. देशाचं उत्पादन धरायचं, त्यात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातला फरक बघायचा, बियाणं, नासाडी आणि इतर वापर काढून टाकायचा. मग उरेल त्याला लोकसंख्येनं भागायचं. म्हणून त्याला 'पुरवठा' म्हणतात. या वजाबाकीतून जे निसटलं ते सगळं आपण खाल्लं, असा त्याचा अर्थ होतो.

आता आपल्याकडं काय काय निसटतं बघा. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं पडून असायची. भाव येईपर्यंत ती ना विकलेली, ना खाल्लेली. 2005 च्या महापुरानं त्यातली कितीतरी पेवं निकामी केली. कुंकू हळदीचं होतं. लग्नाची हळद अंगाला लागते आणि न्हाणीघरात वाहून जाते. कारखाने तिच्यातून अर्क काढतात. आणि कऱ्हाडजवळच्या पालला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हा माणसं, वाटा, छपरं सगळं पिवळं होतं. घरी आल्यावर दोन दिवस कानातून हळद निघते. या हळदीची वेगळी नोंद झाली नसेल, तर हिशेबात ती आपल्या पोटात गेलेली असते. येळकोट येळकोट!

शिवाय ती रेघ एका दमात काढलेलीही नाही. जुन्या पद्धतीची मालिका 1961 ते 2013 अशी आहे, नव्या पद्धतीची 2010 पासून पुढं. दोन्ही जोडून एक रेघ ओढली की सांध्यावर उडी दिसू शकते. ती ताटातली नव्हे, मोजण्याच्या रीतीतली.

कोलेस्टेरॉलचं तर एका ओळीत उरकतं: ते प्राणिजन्य पदार्थांत असतं, हळद-मिरचीत नावापुरतंही नसतं.

राहिलं 'निम्मी करा'. इथं मात्र मामांचं थोडं ऐकतो. मिरचीच्या बियांत तेल असतं, हे खरं. आणि आपण ज्याला चटणी म्हणतो ती नुसती मिरची नव्हे. ब्याडगी आणि संकेश्वरीबरोबर सुकं खोबरं पडतं, ते साठ टक्क्यांच्या वर चरबीच. तीळ पडतात, ते निम्मे तेलाचे. आणि कांदा-लसूण तेलात तांबूस होईस्तोवर परततो. पण खोबरं आणि तीळ एफएओच्या मसाल्यांच्या ओळीत येतच नाहीत, ते तेलबियांकडं जातात. म्हणजे आपल्या चटणीत जी खरी चरबी आहे, ती या रेघेत नाहीच!

आणि तेल? देशात माणशी वर्षाला 19 किलोच्या आसपास, म्हणजे रोज 50 ग्रॅमच्या वर. (हाही पुरवठ्याचाच हिशेब, थोडं समईतही जातं.) राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप साधारण 27 ग्रॅम आहे.

तेव्हा मामी, उद्यापासून आमटीत हळद नेहमीसारखी घाला. आणि मामा, रविवारी मिसळीबरोबर कटाची तिसरी वाटी कुणी मागितली होती, ते मी ग्रुपवर लिहीत नाही.